मिरचीचें आयुष्य

मिरचीचें झाड किती वर्षें जगतें, असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित गृहस्थास विचारला, तर तो बहुधा 'एक वर्ष' असें उत्तर देईल, आणि पुराव्यादाखल वनस्पतिशास्त्राचें पुस्तक पुढें करील. मिरचीचें शास्त्रीय नांव 'कॅप्सिकम अ‍ॅन्युअम' असें आहे. आणि 'अ‍ॅन्युअम' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'वार्षिक', म्हणजे एका वर्षांत उगवून त्याच वर्षांत मरणारें, असा होतो. आमच्या घरीं मात्र हें उत्तर कधींच मान्य झालें नसतें. लातूरच्या आमच्या घराच्या मागील अंगणांत, न्हाणीच्या भिंतीलगत, मातीच्या कुंडींत माझ्या आईनें लावलेलें मिरचीचें एक झाड होतें. आकाशाकडे तोंड करून उभीं राहणारीं बारीक, लवंगीसारखीं फळें त्याला येत. २०१४ सालच्या मृगांत तें लावलें आणि २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत तें जगलें. शेवटीं शेवटीं त्याचें खोड अंगठ्याएवढें जाड, करडें व चिरा पडलेलें झालें होतें. नवखीं माणसें त्याला मिरचीचें झाड म्हणून ओळखीतच ना.

माझे एक विज्ञानशाखेचे सहकारी एकदां घरीं आले असतां तें पाहून हंसले व म्हणाले, "वार्षिक झाड हें, एवढें जपण्यांत काय अर्थ? बीं टाका, नवें येईल." आईनें तें स्वयंपाकघरांतून ऐकलें आणि तेथूनच उत्तर दिलें, "पुस्तकवाल्यांना सांगा, आधी झाडाला विचारून मग लिहीत जा म्हणावं."

मी इतिहासाचा शिक्षक. वनस्पतिशास्त्रांत मला अधिकार नाहीं. परंतु पुस्तकाचें म्हणणें एक आणि डोळ्यांसमोरील झाडाचें म्हणणें दुसरें, असा प्रसंग आला म्हणजे तो वाद शेवटीं इतिहासाच्याच दारीं येतो, असा माझा अनुभव आहे. मिरचीच्या आयुष्याचा हा वादही तसाच आहे. तो सोडवावयाचा तर मिरची कोठून आली, तिला कोणी कोठें व कसें वाढविलें, आणि तिच्या अंगीं 'वार्षिक' हें विशेषण कोणी चिकटविलें, हें पाहिलें पाहिजे.

आपल्या देशांतील तिखटाचा इतिहास मिरचीपासून सुरू होत नाहीं. आयुर्वेदाचें 'त्रिकटु' म्हणजे सुंठ, मिरें आणि पिंपळी. त्यांत मिरचीस जागा नाहीं, कारण तो शब्द रूढ झाला तेव्हां मिरची या भूखंडावर नव्हतीच. आपल्या पूर्वजांची जीभ शेंकडों वर्षें या तिघांवर व मोहरीसारख्या पदार्थांवर पोसली गेली. यांपैकीं मिऱ्याची गोष्ट मराठवाड्याच्या दृष्टीनें विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. मिऱ्याचा वेल हा मलबारचा. त्याला दमट हवा, झाडांची सावली आणि भरपूर पाऊस लागतो. लातूरकडे वर्षाकाठीं सुमारें ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांतला आणि बेभरंवशाचा. केरळांत त्याच्या तिपटीहून अधिक पडतो. बालाघाटाच्या उघड्या पठारावर मिऱ्याचा वेल चढविण्याचा विचारही कोणी केला नसेल. म्हणून मिरें येथें नेहमीं आलें तें व्यापाऱ्याच्या गोणींतून आलें.

हा व्यापार लहानसहान नव्हता. लातूरपासून फारसें दूर नसलेलें तेर हें गांव म्हणजे प्राचीन 'तगर'. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत तगर व पैठण या दोन्ही नगरांचा उल्लेख असून तेथील माल गाड्यांनीं भडोचच्या बंदरास जात असे, असें सांगितलें आहे. त्याच वर्णनांत मलबारच्या किनाऱ्यावरील मिऱ्याच्या मोठ्या बाजाराचीही हकीकत आहे. रोमच्या श्रीमंतांना मिऱ्याचें इतकें वेड लागलें होतें कीं, त्यापायीं साम्राज्याचें सोनें हिंदुस्थानांत वाहून जातें, म्हणून तेथील शहाणे लोक कुरकुर करीत. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयांत त्या काळच्या वैभवाचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. परंतु वैभवाच्या या कथेंत एक गोष्ट आपण विसरतों. ज्या पदार्थासाठीं रोमचें सोनें समुद्र ओलांडून येत होतें, तो पदार्थ कोरडवाहू शेतकऱ्याच्या ताटांत रोज पडत असेल, हें संभवनीय दिसत नाहीं. विकतचें तिखट हें पैसेवाल्याचें तिखट होतें.

या स्थितींत पालट घडविला तो हजारों कोसांवरील एका झुडपानें. कोलंबस १४९२ सालीं हिंदुस्थान शोधावयास निघाला आणि वेस्ट इंडीज बेटांवर जाऊन पोंचला. त्याला मिरीं पाहिजे होतीं. मिळाली ती मिरची. १४९३ च्या जानेवारींत त्यानें आपल्या रोजनिशींत तिची नोंद केली, आणि हें त्या लोकांचें मिरेंच असून आपल्या मिऱ्याहून तें अधिक मोलाचें आहे, असा अभिप्राय दिला. ज्या भूमीला त्यानें 'इंडिया' म्हटलें ती इंडिया नव्हती आणि ज्या फळाला मिरें म्हटलें तें मिरें नव्हतें. परंतु दोन्ही चुका भाषेंत कायमच्या राहिल्या. इंग्रजींत आजही मिरें आणि मिरची या दोघांना एकच शब्द चालतो.

आपणही याच चुकीचे वांटेकरी आहोंत. 'मिरची' हा शब्द संस्कृत 'मरीच' या मिऱ्याच्या नांवाच्याच कुळांतला. कानडींत मिऱ्याला 'मेणसु' आणि मिरचीला 'मेणसिनकायि' म्हणजे मिऱ्याचें फळ. तमिळांत 'मिळगु' आणि 'मिळगाय्'. नांदेडच्या सरहद्दीवर ऐकूं येणाऱ्या तेलुगूंत 'मिरपकाय'. ही सारी नांवें एकाच रीतीनें घडलीं आहेत. नवी पाहुणी दाराशीं आली तेव्हां प्रत्येक भाषेनें तिला जुन्या ओळखीच्या माणसाचें आडनांव दिलें आणि घरांत घेतलें. मुंबईकडे तिला एके काळीं 'गोवाई मिरची' म्हणत; तेवढ्या एका नांवांत मात्र ती कोणत्या दारानें आली, याची आठवण राहून गेली.

तें दार पोर्तुगीजांचें होतें. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतला आला. १५०० सालीं काब्रालचें आरमार वाटेंत ब्राझीलच्या किनाऱ्यास लागून पुढें मलबारला पोंचलें. म्हणजे मिरचीची जन्मभूमि आणि मिऱ्याची जन्मभूमि एकाच जलमार्गानें जोडल्या गेल्या. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं आदिलशहाकडून गोवें घेतलें. यानंतर मिरची गोव्यांत रुजली आणि तेथून घाट चढून देशावर आली.

पण या आगमनाची नौबत कोठें वाजलेली दिसत नाहीं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानांतील औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. हा गृहस्थ तीस वर्षें या देशांत राहिलेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींही त्याचें जाणें-येणें होतें. त्यानें मिऱ्यावर स्वतंत्र संवाद लिहिला, आल्यावर लिहिला. मिरचीवर लिहिला नाहीं. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतील 'आइन-इ-अकबरी'मध्यें बादशाही मुदपाकखान्यांतील पदार्थांच्या व मसाल्यांच्या याद्या बारकाईनें दिल्या आहेत. त्यांत मिरें आहे, आलें आहे, मिरची नाहीं. आज मिरचीशिवाय ज्या देशाचा घांस गिळत नाहीं, त्या देशाच्या बादशहाच्या ताटांत चारशें-सव्वाचारशें वर्षांपूर्वीं ती नव्हती!

याचा उलगडा मला असा वाटतो कीं, मिरची दरबाराच्या वाटेनें आलीच नाहीं. मिऱ्याला जहाज, वखार, दलाल आणि गोणी लागत. मिरचीला यांतलें कांहीं लागत नाहीं. एका वाळलेल्या फळांत पन्नास-शंभर बिया असतात, आणि त्या कोरड्या ठेवल्या तर दोन-तीन वर्षें उगवण्याजोग्या राहतात. खलाशाच्या कनवटीला, यात्रेकरूच्या गांठोड्यांत, सासरीं जाणाऱ्या मुलीच्या चिंधींत त्या सहज मावतात. शिवाय पांखरें आहेतच. मिरचीचा जो दाहक अंश आपल्या जिभेला भाजतो तो पक्ष्यांना जाणवत नाहीं. म्हणून पोपट ती खुशाल खातो व बीं दूरवर टाकतो. जो माल कोणास विकत घ्यावा लागत नाहीं त्याची नोंद जकातीच्या दफ्तरांत होत नाहीं, आणि इतिहासकार बहुधा दफ्तराबाहेर पाहत नाहीं. औसा, उदगीर, कंधार येथील किल्ल्यांवर कोणाचें निशाण होतें, हें आम्हीं मुलांकडून पाठ करून घेतों. पण त्या किल्ल्यांच्या पायथ्याच्या गांवांत परसापरसांतून तिखट उगवूं लागलें, आणि गरीब माणसाची भाकरी पहिल्यानें स्वतःच्या अंगणांतील चवीनें गोड लागूं लागली, ही राज्यक्रांतीहून लहान गोष्ट होती काय?

आतां आपण प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळूं. मिरची गोव्याला आली तशीच ती युरोपांतही गेली होती, आणि तेथें तिच्या वांट्याला वेगळेंच नशीब आलें. सेव्हिल येथील वैद्य मोनार्देस यानें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिहितांना सांगितलें आहे कीं, स्पेनमध्यें बाग, मळा किंवा कुंडी अशी नाहीं जेथें हें झाड लावलेलें नाहीं. आणि आपल्या शहरांत कांहीं झाडें तर वृक्षाएवढीं वाढलेलीं आपण पाहिलीं आहेत. सेव्हिलचा हिवाळा सौम्य. तेथें मिरचीला वर्षामागून वर्ष जगतां आलें, तेव्हां ती झाड झाली.

आल्प्स पर्वताच्या उत्तरेस ही सोय नव्हती. जर्मन पंडित फुक्स यानें १५४२ सालच्या आपल्या वनस्पतिग्रंथांत मिरचीचीं सुंदर चित्रें दिलीं आणि तिला चक्क 'कालिकतचें मिरें' असें नांव दिलें. ती हिंदुस्थानांतून आली असा त्याचा समज होता. मिरचीनें केवळ पन्नास वर्षांत आपली जन्मभूमि एवढी बेमालूम लपविली होती! त्याच ग्रंथांत तो सांगतो कीं, कांहीं वर्षांपूर्वीं अज्ञात असलेलें हें झाड आतां जर्मनींत जिकडे तिकडे मातीच्या कुंड्यांत व भांड्यांत लावलेलें आढळतें. लंडनच्या जेरार्डनें १५९७ सालीं तर रीतच लिहून ठेवली: घोड्याच्या लिदीच्या उबदार वाफ्यांत बीं पेरावें, तीन-चार पानें फुटलीं कीं रोप कुंडींत हलवावें, म्हणजे ऊन जिकडे असेल तिकडे कुंडी उचलून नेतां येते.

ऊन जिकडे असेल तिकडे कुंडी न्यावयाची! हें वाचून आमच्याकडील माणसाला हंसूं येईल. परंतु मिरचीच्या आयुष्याचें रहस्य याच कुंडींत आहे. मिरची ही मुळांत बहुवर्षायु झुडूप आहे. तिला वयाची मर्यादा मारीत नाहीं, हिम मारतें. पारा गोठणबिंदूखालीं उतरला कीं तिच्या पेशींतील पाणी गोठतें आणि झाड एका रात्रींत काळें पडतें. उत्तर युरोपच्या मोकळ्या जमिनींत तिला शरदांत पेरतां येत नसे आणि हिवाळा ओलांडतां येत नसे. स्वीडनच्या लिनीअसनें १७५३ सालीं वनस्पतींना नांवें दिलीं तेव्हां त्यानें 'अ‍ॅन्युअम' हें नांव मुक्रर केलें. आणि त्याच ग्रंथांत दुसऱ्या एका मिरचीला 'फ्रुटेसेन्स' म्हणजे झुडूपवजा असें म्हटलें. त्याच्या थंड देशांत हें झाड वर्षांत मरे, म्हणून तें वार्षिक. थंडीनें मारलेल्याचें वय थंडीनेंच ठरविलें, आणि तो निकाल साऱ्या जगाच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

कुंडी बाळगणारे माळी मात्र निकालास बधले नाहींत. थंड देशांतील हौशी लोक आजही अशी युक्ति करतात: पहिल्या हिमापूर्वीं झाड उपटून किंवा कुंडीसकट घरांत आणावयाचें, फांद्या छाटून वीतभर खोड व दोन-चार फांटे तेवढे राखावयाचे, मुळें थोडीं कापून लहान कुंडींत ताजी माती भरावयाची, आणि दहा ते तेरा अंश उष्णतेच्या खोलींत, माती जेमतेम ओलसर राहील एवढेंच पाणी देत, झाडाला निजवून ठेवावयाचें. पानें गळतात, झाड मेल्यासारखें दिसतें. वसंतांत ऊब व उजेड वाढवीत नेला कीं जुन्या खोडावर हिरवे डोळे फुटतात, आणि मुळें अगोदरच बळकट असल्यामुळें बियांच्या रोपाहून कित्येक आठवडे आधीं फळ धरतें.

नांदेड-लातूरकडे हें सारें गणित उलटें होतें. आमचा हिवाळा हा मिरचीचा सुखाचा काळ. मार्गशीर्ष-पौषांत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो तेव्हां तिची वाढ मंदावते, चार पानें पिवळीं पडतात, एवढेंच. दुपारच्या उन्हानें ती सांवरते. तिचा खरा हिवाळा म्हणजे आमचा वैशाख. पारा पस्तीस अंशांच्या वर जाऊं लागला कीं तिचीं फुलें गळतात. मे महिन्यांत तो चाळिशीच्या पलीकडे जातो तेव्हां मुळांना पाणी पुरत नाहीं आणि झाड उभें वाळतें. येथें शास्त्राची एक गंमत सांगण्याजोगी आहे. मिरचीचा दाह आपल्याला ज्या ग्राहकामुळें जाणवतो तोच ग्राहक सुमारें त्रेचाळीस अंशांवरील उष्णतेनेंही जागा होतो. तो १९९७ सालीं शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. म्हणजे मिरची चावणें आणि नांदेडच्या मे महिन्यांत दुपारीं घराबाहेर पडणें, हे दोन्ही प्रकार शरीराच्या लेखीं एकाच वहींत नोंदले जातात!

शेतांतील मिरचीला आमच्याकडेही बहुधा एकाच वर्षाचें आयुष्य मिळतें. मृगांत रोप टाकावयाचें, चार-सहा आठवड्यांनीं लावणी करावयाची, दिवाळीच्या पुढेंमागें तोडणी चालावयाची, आणि विहीर आटली कीं झाडें उपटून रान मोकळें करावयाचें. यांत शेतकऱ्याचा दोष नाहीं. पाणी संपल्यावर झाड राखण्याची चैन त्याला परवडत नाहीं, आणि एकाच रानांत मिरची राखली तर बोकड्या म्हणजे पानें आंखडण्याचा रोग फैलावतो, तो निराळाच. लिनीअसच्या देशांत हिमानें केलें तें येथें दुष्काळानें केलें. मिरचीला तिचें पुरतें आयुष्य मिळतें तें केवळ कुंडींत आणि परसांत, जेथें तिची विचारपूस करणारें माणूस रोज दारांत उभें असतें.

तें माणूस बहुधा बाई असे. माझ्या आईचें माहेर नांदेडचें, गोदावरीकांठच्या जुन्या वस्तींतलें. तेथें वाड्यांचीं अंगणें फरसबंद. म्हणून तुळस, गवती चहा आणि मिरची यांना कुंडी, फुटकी घागर किंवा तेलाचा डबा हीच जमीन. आईनें ही विद्या तेथून लातूरला आणली. तिची रीत मी पुढें लिहून घेतली ती अशी. नुसती काळी माती कुंडींत घालूं नये. ती वाळली कीं भेगाळते, मुळें तोडते आणि पाणी भेगांतून निघून जातें. एक भाग काळी माती, एक भाग कुजलेलें शेणखत, एक भाग वाळू किंवा विटांचा चुरा असें मिश्रण करावें. कुंडीच्या बुडाच्या भोंकावर खापरी ठेवावी. फाल्गुनांत हिवाळी बहार संपला कीं झाड निम्म्यानें छाटावें, पण साऱ्या फांद्या एकदम उघड्या करूं नयेत, नाहींतर सालीला उन्हाचा चटका बसतो. मग कुंडी भिंतीच्या पूर्व बाजूस न्यावी. तेथें सकाळचें कोंवळें ऊन मिळतें आणि दुपारपासून भिंतच सावली धरते. कुंडी मोठ्या फुटक्या रांजणांत ठेवून भोंवतीं वाळू भरावी व ती ओली ठेवावी, म्हणजे मुळें गार राहतात. मातीवर वाळलेलें गवत पसरावें. पाणी संध्याकाळीं द्यावें, तें साबणाचें नसावें. या दिवसांत फुलें आलीं तर खुडून टाकावीं. मृगाचा पहिला पाऊस झाला कीं कुंडी उघड्यावर आणून मूठभर नवें खत द्यावें.

जेरार्ड कुंडी उन्हाकडे नेत होता, आई ती उन्हापासून नेत होती. दोघांनीं एकमेकांचें नांवही ऐकलें नव्हतें. पण दोघांचें म्हणणें एकच कीं, वाईट ऋतूंत झाडाकडून कांहीं मागूं नये, त्याला फक्त पलीकडे न्यावें.

या रीतीची परीक्षा २०१६ सालीं झाली. लागोपाठच्या अवर्षणानें मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातूर शहराचे नळ बंद झाले. मार्च महिन्यांत पाण्याच्या टाक्यांभोंवतीं दंगे होऊं नयेत म्हणून जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी आलें. तें पाहावयास लोटलेल्या गर्दींत मीही होतों. ज्या पठारावर एके काळीं तिखट बाहेरून येत असे त्यावर आतां पाणीही बाहेरून येऊं लागलें, हा विचार त्या दिवशीं मनाला फार टोंचला.

घरीं पाण्याचे हिशोब तांब्यांनीं होऊं लागले. आणि अशांत एका संध्याकाळीं माझ्या मुलानें आजीला कुंडीपाशीं तांब्या घेऊन उभी असलेली पाहिलें. तो संतापून म्हणाला, "आजी, माणसांना प्यायला पाणी नाही, अन् तू झाडाला घालतेस?"

"हे प्यायचं कुठंय, लेकरा?" ती म्हणाली, "तांदूळ धुतलेलं आहे. तुला देऊ का प्यायला?"

"पण मिरची काय, बाजारात दहा रुपयांना मिळते."

"मिळू दे. मृगापर्यंत नेलं की पुढं त्याचं ते बघतं."

मी मुलाच्या बाजूनें होतों. शेजारच्या घरीं टँकरसाठीं रात्र रात्र जागरण चाललें असतां आमच्या अंगणांत एक ओली कुंडी दिसावी, याची मला लाज वाटत होती. आणि तसें मी आईस बोललोंही. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तिनें स्वतःच्या चुळा भरण्याचें पाणी एका वाडग्यांत धरावयास सुरुवात केली, तें मला फार उशिरां कळलें.

मेअखेर झाडावर एकही पान नव्हतें. त्या वर्षींचा पाऊस पुढें चांगला झाला, मांजरा धरणांत पुन्हां पाणी आलें. मृगाच्या सरीनंतर आठ-दहा दिवसांनीं खोडाच्या बेचक्यांतून हिरवे कोंभ दिसले, आणि गल्लींतील बायका नवीं रोपें लावीत होत्या तेव्हां आमच्या झाडाला फुलें लागलीं होतीं. आषाढांत आईनें पहिली ओंजळभर मिरची तोडली. तींतली निम्मी तिनें ज्या शेजाऱ्यांसाठीं मी लाजलों होतों त्यांच्याच घरीं माझ्या हातून पाठविली.

मिरचीच्या इतिहासाचा विचार करतांना मला हा प्रसंग पुनःपुन्हां आठवतो. चारशें वर्षांपूर्वीं तिखट बाजारांतून अंगणांत आलें, ही माझ्या मतें आमच्या भागांतील गरिबांच्या हिताची एक मोठी घडामोड होय. आतां तें अंगणांतून पुन्हां बाजारांत चाललें आहे. नांदेड जिल्ह्यांतील धर्माबादची लाल मिरचीची पेठ प्रसिद्ध आहे, आणि तिच्यावर अनेकांचें पोट आहे. पेठेला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु पाकिटांतील तिखटाला ऋतु नसतो, आणि ज्याला ऋतु नाहीं त्याला जपण्याची विद्याही लागत नाहीं. झाड वार्षिक आहे असें एकदां ठरलें कीं तें जगविण्याचा प्रश्नच उरत नाहीं. उपटावें आणि नवें आणावें. पुस्तकांतील एक विशेषण माणसाच्या वागण्यावर केवढा परिणाम करूं शकतें, याचें हें लहानसें उदाहरण आहे.

२०१८ च्या डिसेंबरांत आई गेली. पुढील उन्हाळ्यांत परीक्षांच्या कामासाठीं मी चार दिवस परगांवीं होतों. घरीं कुंडीची आठवण कोणास राहिली नाहीं, आणि तें झाड त्या चार दिवसांत वाळलें. हिमानें नव्हे, दुष्काळानेंही नव्हे. त्या वर्षीं नळाला पाणी होतें. तिच्या कपाटांत वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी सांपडली. तींत बिया होत्या आणि वर तिच्या अक्षरांत 'नांदेडची' एवढेंच लिहिलें होतें. त्याच मृगांत त्या पेरल्या. बाराएक बियांतून चार उगवल्या आणि त्यांतील एक रोप जगलें. तें आतां त्याच रांजणांत आहे, आणि फाल्गुन संपला कीं भिंतीच्या पूर्वेस जातें. त्यानें किती उन्हाळे काढले, हें भिंतीवर कोळशानें मांडण्याचें काम माझ्या मुलानें स्वतःकडे घेतलें आहे.